नॉन-सिलेक्टिव्ह डे-अँड-बोर्डिंग शाळा (यूके): इयर सेव्हन संपत आल्यावरचा आमचा अनुभव

इलेव्हन प्लसचा, म्हणजे सरकारी ग्रामर शाळांच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की दर ऑक्टोबरात आपल्या मराठी घरांतून तेच फोन सुरू होतात, आता काय करायचं, प्रायव्हेटला घालायचं का, आणि जी शाळा परीक्षा न घेता मुलं घेते ती चांगली कशी असेल. आम्ही स्लाउचे. इथे ग्रामरसाठी १११ स्कोअर लागतो, लेकाचा तेवढा आला नाही, आणि सप्टेंबरपासून तो अशाच एका शाळेत इयर सेव्हनला (सेकंडरीचं पहिलं वर्ष) आहे. आधी नुसता डे, म्हणजे रोज घरी येणारा, जानेवारीपासून आठवड्यातल्या काही रात्री फ्लेक्सी बोर्डिंग. शाळेचं नाव देत नाही कारण खाली तक्रारीही आहेत.

अॅडमिशनला मुलांची रँक लावणारी परीक्षा नव्हती. जुन्या शाळेचा रिपोर्ट मागवला, हेड लेकाशी बोलल्या, मग एक पूर्ण दिवस वर्गात बसवून घेतलं. त्यात ते बघतात की या मुलाला जी मदत लागेल ती आपल्याला देता येईल का, आणि नसेल येत तर नाही म्हणतात, आमच्या ओळखीत एकांना नाही म्हटलेलं आहे. आमच्याला डिस्लेक्सिया आहे, वाचायला वेळ लागतो, पण विचारलंत तर गोष्ट अशी रंगवून सांगेल की बास.

आता मुख्य मुद्दा. मला विचाराल तर या शाळेत आपण पैसे मोजतो ते संध्याकाळच्या प्रेपसाठी. ग्राउंड, थिएटर, स्विमिंग पूल सगळं छान आहे पण ते बऱ्याच शाळांत असतं. प्रेप म्हणजे जेवण झालं की हाउसमध्ये (मुलांच्या राहण्याच्या इमारतीत) सगळ्यांनी गप्प बसून होमवर्क करायचा तास, ड्यूटीवर एक टीचर, शिवाय सिक्स्थ फॉर्मची (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांची) एक-दोन मुलं मदतीला. एकदा त्याचा इन्हेलर द्यायला गेले तेव्हा दारातून दिसलं. हिस्टरीचा एक परिच्छेद, त्यावर पिवळी पारदर्शक शीट, ओळीखाली पट्टी धरलेली, आणि हा एका मोठ्या शब्दावर अडलेला. बाजूचे सर काहीच बोलले नाहीत, घाई नाही, सुचवणं नाही, नुसते बसून राहिले, याने तो शब्द तोडून तोडून वाचला आणि पुढे गेला. आधीच्या वर्गात तीस मुलं होती, तिथे एवढं थांबायला कुणाला वेळच नव्हता. मला तिथेच भरून आलं.

असली शाळा म्हणजे काही नवीन टूम नाहीये. समरसेटचं मिलफिल्ड सगळ्या तऱ्हेची मुलं घेण्याबद्दल ओळखलं जातं, ते १९३५ साली जॅक मेयर यांनी काढलं, ते भारतात कापसाच्या धंद्यात होते आणि सुरुवातच भारतातून आणलेल्या सात मुलांवर केली, त्यातले सहा राजघराण्यातले होते म्हणतात. म्हणजे आपल्याकडच्या मुलांचा या प्रकाराशी संबंध जुना आहे.

बोर्डिंगची धास्ती होती, ती गेली. हाउसपेरेंट कुटुंबासकट तिथेच राहतात, रात्री फोन जमा होतात (हे एकच घरी आमच्याने होत नव्हतं), मोज्यापर्यंत सगळ्यावर नावाची पट्टी शिवावी लागते आणि तरी मोजे हरवतात. मुलं हाँगकाँगची, नायजेरियाची, जर्मनीची, काहींचे आईवडील आर्मीत. एक्झिअॅट वीकेंडला (टर्ममधल्या ठरलेल्या सुट्टीच्या शनिवार-रविवारी) हाउस बंद होतं, तेव्हा परदेशातली मुलं गार्डियनकडे जातात. लेकाचा हाँगकाँगचा मित्र मात्र त्याच्या घरच्यांच्या आणि गार्डियनच्या परवानगीने आमच्याकडे येतो, पोहे दोनदा घेतो आणि शेंगदाणे वेगळे काढून शेवटी खातो. ऑक्टोबरची हाफ टर्मची सुट्टी दोन आठवड्यांची असते म्हणून दिवाळीला लेक दिवसभर घरी होता, हे फार बरं झालं.

जेवण मात्र सुरुवातीला वाईट होतं. व्हेज म्हणजे पास्ता, दुसऱ्या दिवशी चीज घातलेला पास्ता. किचनवाल्यांशी बसून बोललो तेव्हा डाळ-भात सुरू झाला, आणि तो आता इंग्लिश मुलंही मागून घेतात.

फी. १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट आहे, शिकवण्याच्या फीवर आणि बोर्डिंगवरही. पण आमचा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. लर्निंग सपोर्टचे वन-टू-वन तास वेगळे लावले जातात हे अॅडमिशनच्या वेळी कुणी तोंडाने सांगितलं नाही, पहिल्या बिलात कळलं. ज्या मुलांना मदत लागते त्यांच्यासाठीच नाव असलेल्या शाळेने हे पहिल्या भेटीत सांगायला हवं. तुम्ही लेखी विचारा: सपोर्ट, म्युझिक, कोच, ट्रिप, फ्लेक्सीची एक रात्र, प्रत्येकाचे किती. आणि मुलाला काढायचं झालं तर पूर्ण एका टर्मची नोटीस लागते, नाहीतर त्या टर्मची फी भरा.

दुसरं, शनिवार. सकाळी तास, दुपारी मॅच. त्यामुळे लेकाची शनिवारची मराठी शाळा सुटली. हे मला अजून लागतं. सध्या रविवारी आजीसोबत व्हिडिओवर वाचन चालतं, आजी खूश आहे पण मित्रांबरोबर बसून शिकणं ते वेगळंच.

लीग टेबल, म्हणजे निकालांवरून लावलेली शाळांची क्रमवारी, बघून या शाळांना मोडीत काढू नका एवढं कळकळीने सांगते. ग्रामरने आधीच वेचून घेतलेली मुलं आणि इथली सरमिसळ यांचे जीसीएसईचे (सोळाव्या वर्षीच्या बोर्ड परीक्षेचे) आकडे शेजारी ठेवून काय कळणार? त्यात बऱ्याच प्रायव्हेट शाळा आयजीसीएसई (त्याच परीक्षेचा आंतरराष्ट्रीय प्रकार) घेतात, ते सरकारी तक्त्यात मोजलं जात नाही, म्हणून चांगल्या शाळेपुढेही शून्य दिसू शकतं. प्रोग्रेस ८, म्हणजे सेकंडरीत मुलं किती पुढे गेली हे सांगणारा सरकारी आकडा, प्रायव्हेट शाळांसाठी निघतच नाही. मग विचारायचं ते हे, की इयर सेव्हनला मिडयिस किंवा कॅट फोर या क्षमता चाचण्या घेता का, आणि त्यावरून जी ग्रेड अपेक्षित होती तिच्यापेक्षा मुलं शेवटी किती वर गेली. आमच्या शाळेने हे कागदावर दाखवलं. जी शाळा उत्तर टाळेल तिथून निघा.

सगळ्यांसाठी आहे असंही नाही म्हणणार. मैत्रिणीची मुलगी मॅथ्समध्ये फार पुढे आहे, वर्ग छोटे असल्याने वरच्या सेटमध्येही (हुशारीप्रमाणे केलेल्या गटात) तिला जोड मिळेना, ती कंटाळली आणि त्यांनी तिला हलवलं, बरोबर केलं. ज्याचं डोकं आधीच पळतंय त्याच्यासाठी एवढे पैसे इथे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

बघायला जाणार असाल तर ओपन मॉर्निंगवर थांबू नका, तिथे सगळं सजवलेलं असतं. साध्या मंगळवारी संध्याकाळी प्रेपच्या वेळी येऊ द्या म्हणून मागणी करा, देतात. आमचं पुढचं इयर इलेव्हनपर्यंत पक्कं आहे. सिक्स्थ फॉर्मचं नाही, कारण मुलं कमी असली की ए लेव्हलचे (सिक्स्थ फॉर्मच्या परीक्षेचे) काही विषय चालतच नाहीत, यंदा फर्दर मॅथ्स नाहीये, तेव्हा ते इयर टेनला विषयांची यादी हातात घेऊन बघू.