अ‍ॅली पॅली की ब्लॅकपूल? डार्ट्स बघायचं तर तिकीट कुठलं काढावं

इंग्लंडात नोकरीला असलेले आणि नाताळच्या सुट्टीत लेकीकडे-भावाकडे लंडनला जाणारे बरेच जण हल्ली विचारतात, एकदा डार्ट्स, म्हणजे गोल बोर्डावर छोटे बाण मारायचा खेळ, प्रत्यक्ष बघायचंय, कुठे जाऊ? ही चौकशी वाढली ती ल्यूक लिटलरमुळे. २०२४ च्या जानेवारीत सोळाव्या वर्षी पोरगा जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला, पुढच्या वर्षी मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ हरवून जगज्जेता झाला आणि २०२६ मध्ये पुन्हा तोच. खरे पर्याय दोन: लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधली, म्हणजे ‘अ‍ॅली पॅली’ची, पीडीसी (प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन) वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि जुलैत ब्लॅकपूलला होणारी वर्ल्ड मॅचप्ले.

आधी मनाची तयारी करून ठेवा, कारण दोन्हीकडे बोर्ड दिसत नाही. खेळाडू बोर्डापासून २.३७ मीटरवर उभा असतो आणि ज्या ट्रेबल ट्वेंटीसाठी (विसाचे तिप्पट, म्हणजे साठ गुण) सगळा आटापिटा चालतो ती पट्टी जेमतेम आठ मिलिमीटरची. हॉलच्या मध्यावरून ती कुणाला दिसणार? सगळे मोठ्या पडद्याकडेच बघतात. म्हणजे पैसे मोजायचे ते वातावरणाचे, आणि ते दोन ठिकाणी अगदी वेगळं आहे.

अ‍ॅली पॅलीत लांबलचक टेबलं, त्यांवर बिअरचे जग, आणि कुणी केळ्याच्या तर कुणी ट्रॅफिक कोनच्या वेशात. १८० (तीन बाणांत मिळू शकणारे सर्वाधिक गुण) लागले की सगळे उठून पाट्या नाचवतात. स्टेजवर कोण खेळतंय हे निम्म्या लोकांच्या गावीही नसतं, आणि त्याबद्दल कुणी लाजतही नाही. भर हिवाळ्यात तिथे एखादी गांधीलमाशी खेळाडूंच्या डोक्याभोवती घोंघावत राहते, तिचेही चाहते आहेत. मित्रांचं टोळकं असेल तर याला तोड नाही. सासू-सासऱ्यांना घेऊन मात्र मी तरी रात्रीच्या सत्राला जाणार नाही. दुपारचं सत्र त्या मानाने शांत.

ब्लॅकपूलच्या विंटर गार्डन्समधली एम्प्रेस बॉलरूम ही व्हिक्टोरियन काळातली नाचघराची वास्तू. वर नक्षीदार कमानी छत, झुंबरं, बाजूने सज्जे. २०२० चा अपवाद सोडला तर १९९४ पासून मॅचप्ले इथेच होते. गाणी-आरडाओरडा इथेही आहे, पण डबल (बोर्डाच्या कडेची दुप्पट गुणांची पट्टी) चुकला की हॉलभर ‘अरेरे’ उमटतं; समोर काय चाललंय ते लोकांना कळत असतं. स्टेजवर दिव्यांचा उकाडा इतका की खेळाडू घामाघूम होतात आणि बोटांना पुन्हा पुन्हा खडू चोळतात.

पण माझ्या लेखी निवड ठरते ती खेळाच्या रचनेवर. दोन्हीकडे ५०१ पासून खाली यायचं आणि शेवटचा बाण डबलमध्येच मारायचा. एवढं झालं की एक लेग. ब्लॅकपूलला नुसते लेग मोजतात. पहिल्या फेरीत दहा, अंतिम सामन्यात अठरा, शिवाय दोनची आघाडी हवी. जो जास्त चांगला खेळतो तो बहुधा जिंकतो.

अ‍ॅली पॅलीत सेट असतात. तीन लेग जिंकले की सेट, पहिल्या फेरीत तीन सेट जिंकले की सामना, अंतिम फेरीत सात. आता हिशोब करा. तुम्ही दोन सेट ३-० ने घेतले आणि तीन सेट २-३ ने गमावले, तर तुमचे लेग बारा, समोरच्याचे नऊ, आणि घरी तुम्ही जाणार. अन्याय म्हणा हवं तर, पण जीव टांगणीला लागतो तो याच पद्धतीने. एक सेट ०-३ ने गमावलेला माणूससुद्धा पुढच्या सेटला शून्यापासून सुरुवात करतो.

२०२३ च्या अंतिम सामन्यातला तो एक लेग शोधून बघाच. व्हॅन गर्वेनचे आठ बाण अचूक, नववा डबल बाराला, तो हुकला. हातातोंडाशी आलेला घास गेला. मायकेल स्मिथचेही तोवर सहा अचूक, १४१ उरलेले. ट्रेबल वीस, ट्रेबल एकोणीस, डबल बारा. नऊ बाणांत लेग, याहून कमी बाणांत तो होतच नाही! पुढे सामनाही त्यानेच ७-४ असा जिंकला.

त्यामुळे माझं मत असं. एकदाच जाणार असाल तर अ‍ॅली पॅली, तेही सुरुवातीच्या फेऱ्यांना. आता १२८ खेळाडू असतात आणि एका सत्रात तीन-चार सामने पदरात पडतात. आपल्या लोकांसाठी आणखी एक कारण: डिसेंबर २०२५ मध्ये नितीन कुमार या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय ठरला. २०१९ मध्ये फॅलन शेरॉक या महिला खेळाडूने दोन पुरुषांना हरवलं तेही सुरुवातीच्याच फेऱ्यांत. अंतिम सामन्याच्या तिकिटामागे फार धावू नका, तो टीव्हीवर जास्त चांगला दिसतो. खेळाची गोडी आधीच लागलेली असेल तर मात्र सरळ ब्लॅकपूल.

पुण्या-मुंबईत बसूनच बघणाऱ्यांसाठी: लंडनला संध्याकाळी सातला सुरू होणारं सत्र हिवाळ्यात आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला, तर जुलैत रात्री साडेअकराला. नोकरदाराला ब्लॅकपूल तेवढंच सोयीचं.

सरे परगण्यातल्या फ्रिमली ग्रीनचं लेकसाइड हा तिसरा पर्याय. १९९० च्या दशकात मोठे खेळाडू वेगळे होऊन आजच्या पीडीसीकडे गेले आणि तिथलं वैभव ओसरलं. आता तिथे डब्ल्यूडीएफची (वर्ल्ड डार्ट्स फेडरेशनची) स्पर्धा होते. हॉल लहान, स्टेज जवळ, गर्दी बेताची. बो ग्रीव्हजने २०२२, २०२३ आणि २०२४ असं सलग तीनदा महिलांचं जेतेपद इथेच घेतलं.

अ‍ॅली पॅलीची तिकिटं काही महिने आधी निघतात आणि बघता बघता संपतात. जायला पिकॅडिली लाइनने वुड ग्रीन, तिथून डब्ल्यू३ बस. टेकडी चढायचा हट्ट थंडीत नको. ब्लॅकपूलला रात्रीचं सत्र संपल्यावर लंडनला परतायला गाडी नसते, तेव्हा मुक्कामाचा खर्च धरूनच ठरवा. मुलं बरोबर असतील तर त्या त्या सत्राची वयोमर्यादा आधी वाचा, मग पैसे भरा.