व्हेंट्राटा घ्यावी की हुकेरियाना?

या दोन्ही घटपर्णी, म्हणजे पानाच्या टोकाला येणाऱ्या चंबूत किडे पकडणाऱ्या वनस्पती, जंगलातच तयार झालेले संकर आहेत, कुणी मुद्दाम केलेले नाहीत. नेपेंथिसमध्ये (हे या घटपर्णींचं शास्त्रीय नाव) नर झाड वेगळं, मादी वेगळं, त्यामुळे दोन जाती जवळजवळ वाढल्या आणि एकाच वेळी फुलल्या की पुढचं काम किडे करतात. व्हेंट्राटा फिलिपिन्सची, हुकेरियाना बोर्निओ, सुमात्रा, सिंगापूरकडच्या सखल दमट जंगलातली. मी दोन्ही वाढवल्यात.

दिसायला हुकेरियाना भारी, यात वादच नाही. तिच्या दोन पालक जातींपैकी अँपुलारियाचा गोलवा, रॅफ्लेशियानाचे तांबडे ठिपके आणि समोर झालर असलेले दोन पंख, एकदा चंबू धरला की बघत बसावंसं वाटतं. व्हेंट्राटाचा चंबू साधा, लांबट, मधे कमरेसारखा बारीक, ती कंबर तिच्या एका पालक जातीची, व्हेंट्रिकोसाची.

पण माझं ठरलं ते पानाच्या टोकावर. हुकेरियानाचं नवीन पान छान यायचं, टोकाची शेपटी लांब व्हायची, तिच्या टोकाला तिळाएवढी कळी दिसायची आणि मग रोज सकाळी मी आधी तीच बघायचो. तीनेक आठवडे आशा लावायची आणि एखादा दिवस हवा कोरडी झाली की कळी तपकिरी, बोट लावलं तर कुरकुरीत. पान हिरवंगार, चंबू नाही. पिशवी घातली, पाण्याचा ट्रे ठेवला, पाणी फवारलं, तरी तेच, आणि एकदा वाळलेली कळी परत फुगत नाही, पुढच्या पानाची वाट बघायची. सलग पाच पानं अशी गेली तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण झाड जिवंत होतं, मजेत होतं, फक्त ज्यासाठी आणलं तेवढंच देत नव्हतं.

व्हेंट्राटा त्याच खिडकीत, तेच पावसाचं पाणी, कुंडीत तेच स्फॅग्नम मॉस (शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे). तिच्याही कळ्या वाळतात, नाही असं नाही, पण कमी, आणि थंड रात्रीसुद्धा ती सोसते. हां, वेलीसारखी वाढत सुटते, मग खोड छाटावं लागतं, पण छाटलेला तुकडा मॉसमध्ये खोचला की बऱ्याचदा मुळं धरतो.

घेताना लेबलवर अलाटा लिहिलेलं असेल तरी गोंधळू नका, त्या नावाने बहुतेक वेळा व्हेंट्राटाच विकतात. व्हेंट्राटाची दुसरी पालक जात आधी अलाटा मानायचे, 2013 मध्ये अलाटाच्या वर्गीकरणात फेरबदल झाले, आता ती ग्रॅसिलिफ्लोरा मानतात.

हा माझ्या एका खिडकीचा अनुभव, तुमच्याकडे काचेची बंद टाकी असेल आणि ती कायम उबदार, दमट राहत असेल तर हुकेरियाना जरूर घ्या. माझी मी तशी टाकी असलेल्या मित्राला दिली, दोन महिन्यांत तिने पहिला ठिपकेदार चंबू उघडला. उघड्या खिडकीत ठेवायची असेल तर मात्र मी व्हेंट्राटाच सुचवेन.