आडनावाची युरोपातली वंशावळ काढून देणाऱ्यापासून सावध, आमचे 41,500 गेले

वसई, पालघर, गोवा इकडच्या कॅथलिक मंडळींनी हे नीट वाचा, कारण हा माणूस आपल्याच लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून फिरतोय. आडनाव सांगा, युरोपातलं मूळ घराणं शोधून देतो, पुढे पोर्तुगीज पासपोर्टचंही बघू, अशी त्याची बोलणी. आम्ही वसईचे परेरा. पपांची पंच्याहत्तरी जवळ आलेली, भेट म्हणून भारी वाटलं, सगळ्या भावंडांनी वर्गणी काढली. आधी 18,000, मग लिस्बनच्या आर्काइव्हची फी म्हणून 9,500, मग कसल्याशा शिक्क्याचे 14,000, आणि प्रत्येक वेळी यूपीआयवर वेगळ्याच माणसाचं नाव. विचारलं तर म्हणे अकाउंट्स माझी मिसेस बघते.

आलं काय, तर एक भलामोठा लॅमिनेट केलेला चार्ट. वर लाल ढालीवर पांढरा क्रूस, खाली नुनो आल्व्हारेस परेरा, म्हणजे 1385 ला आल्जुबारोताच्या लढाईत कॅस्टिलच्या (आजच्या स्पेनमधल्या राज्याच्या) फौजेला हरवणारा पोर्तुगीज सेनापती, 2009 मध्ये संत म्हणून जाहीर झालेला, आणि त्याच्यापासून फांद्या फुटत फुटत स्पेन, फ्रान्समधलं बोर्दो, ॲमस्टरडॅम करत शेवटच्या फांदीला वसई आणि आमचे पपा. पपांनी तो हॉलमध्ये लावला पण, येईल त्या पाहुण्याला दाखवायचे.

भांडं फोडलं पुतणीने, ती इतिहास शिकते. चार्टमध्ये सगळा वंश नुनोच्या मुलापासून काढलेला, पण नुनोचं जगलेलं अपत्य एकच आणि ती मुलगी, बेआत्रिझ, ती दिली राजाच्या अनौरस मुलाला आणि तिच्यापासून झालं ब्रागान्सा घराणं. मग हा मुलगा आला कुठून? सोबत त्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला, 1427 चा, पान नंबरसकट. नोंदवही ठेवणं चर्चने सगळीकडे सक्तीचं केलं तेच मुळी 1563 ला, ट्रेंटच्या धर्मसभेत. कागद चहात बुडवल्यासारखा पिवळा, उजेडात धरला तर आपल्या नेहमीच्या बाँड पेपरचा वॉटरमार्क. मूळ रजिस्टर कुठाय विचारलं तर म्हणतो 1755 च्या लिस्बनच्या भूकंपात जळालं. अरे मग तू कॉपी कशाची काढलीस?

ढाल मात्र खरी आहे, पोर्तुगालमधल्या सिंत्राच्या राजवाड्यात 72 सरदार घराण्यांच्या ढाली रंगवलेलं दालन आहे त्यात परेरांची आहे, पण ती त्या घराण्याची, परेरा लावणाऱ्या प्रत्येकाची नाही. बोर्दोची फांदी तर अजून गंमत. तिथले पेरेर (परेराचंच फ्रेंच रूप) बंधू, एमिल आणि इझाक, एकोणिसाव्या शतकातले रेल्वे आणि बँकवाले, ते मूळचे पोर्तुगीज ज्यू. 1497 ला पोर्तुगालमध्ये ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तिथली रुळलेली आडनावं लागली, परेरा त्यातलंच. वसईतही 1534 नंतर पोर्तुगीज आल्यावर आपल्या लोकांना बाप्तिस्म्याच्या वेळी फादरचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळालं. म्हणजे नाव तेच पण रक्ताचा काही संबंध नाही. आडनाव धरून युरोपात गेलात तर दुसऱ्याच्या पूर्वजांना पणजोबा म्हणून बसाल, आपले सापडलेच तर इथल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) वहीत सापडतील.

आता पासपोर्ट. त्याचे आणखी 65,000 मागत होता. पोर्तुगीज नागरिकत्वाचा जो मार्ग आपण ऐकतो तो गोवा, दमण, दीवमध्ये 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलानातवंडांचा. वसई चिमाजी आप्पांनी 1739 लाच घेतली! हे फोनवर सुनावलं तर न अडखळता म्हणतो, मग ज्यू मार्गाने करू, पोर्तुगीज ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा 2015 चा कायदा आहे. पपा एक रविवार मिस्सा चुकवत नाहीत आणि हा त्यांना बसल्या जागी ज्यू करून टाकतोय. त्यानंतर नंबर ब्लॉक.

पोर्तुगालच्या चर्चच्या जुन्या वह्यांचे स्कॅन तोर्रे दो तोंबो या सरकारी आर्काइव्हच्या साइटवर फुकट बघता येतात, फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या साइटवरही अकाउंट फुकट आहे. त्यामुळे कोणी लिस्बनला आमचा माणूस आहे म्हणाला तर पैशांच्या आधी नोंदीची लिंक आणि चर्चचं नाव मागा, खरा शोधणारा ते आनंदाने देतो, हा प्रत्येक वेळी विषय बदलायचा.

आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, त्यामुळे अजून काही परत आलेलं नाही. मधे एका डिमेलो कुटुंबाकडे गेलो तर त्यांच्या भिंतीवर हाच चार्ट, तीच ढाल, तोच 1427 चा दाखला, फक्त आडनाव बदललेलं. तुमच्या ओळखीत कोणाकडे असा चार्ट असेल तर त्याचा फोटो आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट मला पाठवा, पोलिसांनी सांगितलंय अजून तक्रारदार असतील तर एकत्र जोडता येईल.