वाळा की हिना?

दिवाळीच्या उटण्याचा वास आठवतो ना? मग ही दोन्ही अत्तरं तुमच्या अर्ध्या ओळखीची आहेत. वाळा तर उटण्यात असतोच, शिवाय उटण्यातले नागरमोथा, कपूरकाचरी आणि जटामांसी हिनातही पडतात.

हिना म्हणजे मेंदीच्या फुलांचं अत्तर, असं मीही पुष्कळ वर्षं समजत होतो. ते गुल-हिना, निराळं. अत्तरवाले ज्याला नुसतं हिना किंवा शमामा म्हणतात त्यात मसालेच जास्त. लवंग, जायफळ, जायपत्री आणि चक्क आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल. उत्तर प्रदेशात, अत्तरांच्या कन्नौजला हे सगळं तांब्याच्या डेगेत शिजतं आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या, म्हणजे वाफ झेलणाऱ्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरते. आपल्या खिशाला परवडणाऱ्या कुपीत मात्र चंदन शोधू नये.

थंडीत हिनाला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. सकाळी कानात ठेवलेला फाया संध्याकाळी जास्तच गोड लागतो. वाळा त्या मानाने कच्चा गडी. माझ्या अंगावर तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला तर नशीब. दुसऱ्या कुणाच्या अंगावर जास्त टिकतही असेल.

पण हिना जात नाही हो! एका जानेवारीत भाच्याच्या लग्नात लोकरी जाकिटावर दोन बोटं फिरवली होती. आठवड्याभराने ऑफिसातल्या सहकाऱ्याचे वडील गेले. गारठा होता, तेच जाकीट चढवून भेटायला गेलो. खोली लहान, खिडक्या बंद. सतरंजीवर टेकलो आणि पाचच मिनिटांत तिथे मांडवाचा वास दरवळायला लागला. कुणी काही बोललं नाही. शेजारच्या आजोबांनी तेवढं हळूच विचारलं, "लग्नाहून येताय का?" जाकीट दोनदा ड्रायक्लीन करून आणलं, तरी कपाट उघडलं की बायको नाक मुरडायची. तिच्या साड्यांनाही तो वास लागला होता.

वाळ्याने असा प्रसंग कधी आणला नाही. मे महिन्यात लोकलच्या गर्दीत तो लावला तर शेजारचा माणूस वैतागत नाही. माठात वाळ्याची जुडी टाकलेली असावी तेवढंच त्याला जाणवतं. उडाला की पुन्हा एक थेंब लावायचा. कुपी लवकर संपते, हे खरं.

घेताना मात्र भडक हिरवा वाळा दाखवला तर मी हात मागे घेतो. तांब्याच्या डेगेत काढलेल्या रूह-खसला, म्हणजे वाळ्याच्या शुद्ध तेलाला, हिरवट झाक असते, सरबताचा रंग नसतो. मनगटावर लावून बाजारात अर्धा तास फिरा. ओल्या मातीसारखा, मुळांचा वास उरला तर घ्या. नुसता साबणासारखा उरला तर दुसरं दुकान बघा.

तुमचं सगळं येणंजाणं लग्नामुंजींतच असेल, तर हिना घ्यायला माझी ना नाही. माझी अर्धी कुपी अजून आहे, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, कपड्यांच्या कपाटापासून लांब.