हेडफोन अँप्लिफायर: नऊ महिन्यांनंतर, आणि त्या घूं आवाजाबद्दल सविस्तर

दसऱ्याला घेतला, आता आषाढ लागला. मधल्या काळात हा डबा एकदा मुंबईला सर्व्हिसला जाऊन आला, दोनदा मी तो विकायला काढला आणि शेवटी त्याच्यापायी अंगणात आठ फूट खड्डा खणला. फेब्रुवारीत कुणी विचारलं असतं तर ‘अजिबात घेऊ नका’ असंच सांगितलं असतं. आज तसं सांगणार नाही. मधे काय घडलं ते नीट लिहितो. जुन्या घरात राहणाऱ्या कुणाचे तरी पैसे आणि मनस्ताप वाचतील.

माझा हेडफोन सेनहायझरचा एचडी ६००, तीनशे ओहमचा, म्हणजे जरा जास्त ताकद मागणारा. मुलीने पहिल्या पगारातून दिलेला. लॅपटॉपच्या जॅकमधून साधारण एक व्होल्ट मिळतो, म्हणजे तीनशे ओहमवर जेमतेम ३.३ मिलिवॉट. आजकालच्या दणदणीत ध्वनिमुद्रणांना तेवढं पुरतं. मी ऐकतो त्याला पुरत नाही. आमच्या रामबागेतल्या घरी बाबांच्या बैठकी व्हायच्या, त्यांच्या एकवीस कॅसेट्स मी डिजिटल करून ठेवल्या आहेत. त्यांची पातळी इतकी हलकी, की आवाज शंभरावर नेला तरी बाबा शेजारच्या खोलीत गात असल्यासारखे वाटायचे. त्यात आम्ही इंदूरचे. अमीर खाँसाहेबांची गायकी कानात मुरलेली, संथ विलंबित आणि मंद्रात रमणारी. खालचे स्वर भरीव ऐकू आले नाहीत तर ऐकण्यात अर्थच राहत नाही.

निवड दोनच गोष्टींत होती. एक, यूएसबीवर चालणारी डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारा भाग) आणि अँप्लिफायर एकत्र असलेली डबी, ९,९०० रुपये. दुसरा, फक्त अँप्लिफायर, स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा, लॅपटॉपच्या जॅकमधून साध्या तारेने जोडायचा, ६,८०० रुपये. लॅपटॉपमधला डॅक वाईट नाही हे मला माहीत होतं. मग त्याचे पुन्हा तीन हजार का मोजायचे, असा हिशेब केला आणि दुसरा घेतला. हिशेब डॅकपुरता बरोबर होता. विजेचा विचार त्यात नव्हता.

चांगलं ते आधी सांगतो. ताकद भरपूर. गेनचा, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा त्याचा, खटका खालीच ठेवून घुंडी मध्यावर आणली की बाबांचा आवाज समोर येऊन बसतो. तबल्याचा बायाँ दाबून सोडताना जी मींड निघते, ती मला या डब्यावर पहिल्यांदा पूर्ण ऐकू आली. उणिवा किरकोळ. घुंडी अगदी खाली असली की डावा कान मागे पडतो, स्वस्त पोटेन्शियोमीटरचं ते नेहमीचंच. चालू करताना एक धप्प आवाज येतो, म्हणून डबा आधी चालू करायचा आणि हेडफोन मग कानाला लावायचा. बस.

आता तो घूं.

पहिल्या रात्री लॅपटॉप बॅटरीवर होता, त्यामुळे काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी चार्जर लावून बसलो. बाबांचा तंबोरा लागला आणि पंचमाच्या तारेला काहीतरी झालंय असं वाटलं. तार हेलकावत होती. जवारीचं, म्हणजे तंबोऱ्याच्या झणकाराचं, हेलकावणं वेगळं, त्यात स्वर उमलतो. हे खालून कुणीतरी ढकलावं तसं होतं, सेकंदाला चारेक वेळा. गाणं थांबवलं तरी घूं चालूच. चार्जर काढला की बंद.

पेटी काढून तो सूर शोधला. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी. मोबाइलवरच्या ट्यूनरने १०० हर्ट्झ सांगितलं. आपली घरगुती वीज ५० हर्ट्झची, आणि चार्जरमधला रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) लहरीचे दोन्ही अर्धे भाग सरळ करतो म्हणून त्याच्या दुप्पट, १००. बाबा काळी एकमध्ये गायचे. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, म्हणजे १०४. एकशेचार आणि शंभर शेजारी वाजले की सेकंदाला चार हेलकावे पडणारच. दुसऱ्या कुणाला हा घूं पंख्याच्या आवाजासारखा वाटेल आणि तो विसरूनही जाईल. मला मात्र माझ्या बाबांच्या तंबोऱ्याशेजारी रोज एक बेसूर पंचम ऐकावा लागत होता. तो मी सहन करू शकलो नाही.

डबा सर्व्हिसला पाठवला. इंदूरला त्यांचं केंद्र नाही, म्हणून मुंबईला कुरिअर, जाण्याचे ३४० रुपये माझ्या खिशातून. सत्तेचाळीस दिवस. चार मेल, त्यातल्या दोनांना उत्तर. शेवटी डबा परत आला तो ‘दोष आढळला नाही’ अशा चिठ्ठीसह. घरी जोडला, घूं तसाच. त्या दिवशी मी फोनवर खूप चिडून बोललो. डबा त्यांनी तपासलाच नाही अशी माझी खात्री होती.

इथे मला माझं मत बदलावं लागलं. त्यांनी डबा तपासला होता आणि तो खरोखर ठीक होता. त्यांच्या टेबलावर घूं येत नव्हता, माझ्याकडे येत होता. पण ‘तुमच्या घरचं अर्थिंग बघा’ एवढं एक वाक्य त्या चिठ्ठीवर लिहिलं असतं तर माझे पुढचे तीन महिने वाचले असते. ती तक्रार माझी आजही आहे.

त्या तीन महिन्यांत काय काय केलं ते सांगतो. जेल रोडवरून ४५० रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर आणला, म्हणजे दोन उपकरणांमधला विजेचा थेट जोड तोडणारी डबी. घूं गेला, पण खर्जही गेला. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा, तो खालचे स्वर पेलत नाही. बायाँ टिमकीसारखा वाजायला लागला. काढून ठेवला. मग ओळखीतल्या एकाने सांगितलं, चार्जरची मोठी पिन काढून टाक, आवाज जाईल. हे कुणीही करू नका. ती मोठी पिन अर्थची असते, आत काही बिघडलं तर तुमच्याऐवजी वीज तिच्या वाटेने जावी म्हणून ती आहे.

उलगडा टेस्टरने झाला. लॅपटॉपचं वरचं झाकण धातूचं, त्यावर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. वर्षानुवर्षं होत होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. एका रात्री टेस्टर लावला तर आतला दिवा मंद लाल पेटला. मल्टीमीटर आणला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच हवेत. तिथे आकडा नव्वदच्या आसपास तरंगत होता. मिस्त्रीला बोलावलं, त्याने बोर्ड उघडून दाखवला. ‘‘बाबूजी, इसमें अर्थ है ही नहीं, बस छेद है.’’ सॉकेट तीन पिनांचं, तिसऱ्या छिद्राला मागे तारच नाही. साठ वर्षांचं घर, वायरिंग दोन तारांचं, नंतर कधीतरी फक्त बोर्ड बदललेले.

चार्जरमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडीशी वीज अर्थकडे सोडतात. अर्थ नसला की ती लॅपटॉपच्या अंगावर साचून राहते. माझा अँप्लिफायर वेगळ्या अडॅप्टरवर, आणि दोघांना जोडणारी एकच तार, गाण्याची. मग ती गळती त्या तारेच्या जाळीतूनच वाट काढते आणि अँप्लिफायर तिला इमानाने मोठं करतो. यूएसबीवरच चालणाऱ्या डबीला दुसरा अडॅप्टर लागत नाही, त्यामुळे हे वर्तुळ बहुधा तयारच होत नाही. तीन हजार वाचवले तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं.

मिस्त्रीने झटपट उपाय सुचवला, बोर्डातच न्यूट्रलवरून अर्थला तुकडा जोडू, दोनशे रुपयांत काम. मी नाही म्हटलं. कधी न्यूट्रल तुटला तर लॅपटॉपपासून फ्रिजपर्यंत सगळ्यांच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतील. घरात दोन नातवंडं उघड्या पायांनी फिरतात.

मे महिन्यात खड्डा खणला. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहारीला दगडासारखी लागते, पण एकदा ओलावली की ओल सोडत नाही, आणि अर्थिंगला तेच हवं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं, घरात तीन बोर्डांपर्यंत हिरवी तार. महाराणी रोडवरून आणलेलं सामान आणि मजुरी धरून ५,२०० रुपये. संध्याकाळी मीटरने पाहिलं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्ट. झाकणावरच्या मुंग्या बंद. चार्जर लावला, डबा चालू केला, हेडफोन घातला. काही नाही. घुंडी पूर्ण वर नेली तेव्हा कुठे बारीकशी सरसर. तंबोरा लावला. पंचम स्थिर.

तेव्हा विकत घ्यायचं असेल तर: अर्थिंग पक्कं असेल तर ६,८०० रुपयांत हा डबा उत्तम आहे, डोळे मिटून घ्या. घर जुनं असेल, भाड्याचं असेल, भिंती फोडता येत नसतील, तर यूएसबीची डबी घ्या, तीन हजारांकडे बघू नका. आणि काहीही घेण्याआधी दोनशे-तीनशे रुपयांच्या मीटरने आपलं सॉकेट तपासा.

एक गोष्ट राहिली. घर शांत झाल्यावर सगळ्या कॅसेट्स पहिल्यापासून ऐकायला घेतल्या. १९८९ च्या कॅसेटमध्ये घूं पुन्हा आला. चार्जर काढला तरी गेला नाही. तो टेपमध्येच आहे, याच घरातल्या त्याच बिनअर्थच्या बोर्डावर रेकॉर्डर लावून बैठक टिपली होती. मोजला तर शंभर नाही, ९७. ही बाबांच्या आजारपणानंतरची बैठक. यात त्यांची पट्टी पाव स्वराने उतरली असं आम्ही सगळे मानत आलो, आई तर त्यामुळे ही कॅसेट लावूच द्यायची नाही.

नुसत्या घूंवर भरवसा ठेवता येत नाही, त्या काळी विजेची वारंवारिताच पन्नासच्या बरीच खाली घसरायची. म्हणून टेपमधली पेटी ऐकली. आवाजामागे दबलेली, पण आता स्वच्छ ऐकू येते. तीच पेटी आजही कोनाड्यात आहे. तिची काळी एक दाबली आणि टेपमधल्या काळी एकशी ताडून पाहिली. टेपमधली पेटीसुद्धा तेवढीच उतरलेली. म्हणजे बैठक टिपताना रेकॉर्डरच जरा जोरात फिरला होता, म्हणून टेप नेहमीच्या वेगाने लावली की सगळंच उतरून ऐकू यायचं. वेग तीन टक्क्यांनी वाढवला. घूं शंभरावर आला, पेटी पेटीला मिळाली, आणि बाबा काळी एकमध्ये गात होते.

आईला हेडफोन जड होतो, म्हणून तिच्यासाठी ती फाइल स्पीकरवर लावली.