सही असलेलं कार्ड: ग्रेड करून विकावं की तसंच?

ग्रेड करणं म्हणजे कार्डाची अवस्था कंपनीकडून तपासून त्याला १० पैकी गुण घेणं. अमेरिकेच्या बाजारात खेळाडूच्या सहीचं कार्ड विकायला काढण्याआधी ते उलटं करून पाहा. मागे टॉप्स किंवा पनिनी या कार्ड काढणाऱ्या कंपनीने सहीची हमी छापली असेल, तर प्रश्न उरतो फक्त कार्डाच्या अवस्थेचा. साधारण किमतीचं असं कार्ड तसंच विकलेलं बरं.

मैदानाबाहेर खेळाडूला गाठून घेतलेल्या सहीचं गणित वेगळं. पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांची पडताळणी नसेल, तर गिऱ्हाईक पडत्या भावानेच मागतं. इथे पैसे जरूर खर्च करा, पण सहीच्या पडताळणीवर. कोपरे झिजलेले असतील तर नुसतं ‘ऑथेंटिक’ (अस्सल, पण गुण नाहीत) लेबल घ्या. लेबलवर ४ किंवा ५ असा कमी ग्रेड छापून घेण्यात काय हशील?

ग्रेडिंगला पाठवायचं कार्ड दिव्याखाली तिरपं धरा. जर्सीचा तुकडा बसवलेल्या जाड कार्डाच्या कडा लवकर पांढऱ्या पडतात. चकचकीत पृष्ठभागावर शाई ओली असताना अंगठा लागला, तर सही पसरते. फिकट सही गिरवली की कार्डाची किंमतच गेली.

हिशेब १० नव्हे, ९ ग्रेड धरून करा. ईबेवर त्याच कार्डाचे प्रत्यक्ष झालेले सौदे पाहा. ९ च्या भावातून फी, जाता-येताचं टपाल आणि विमा वजा करूनही बऱ्यापैकी फरक उरला, तरच पाठवा. पाठवताना आधी पेनी स्लीव्ह (मऊ प्लास्टिकची पिशवी), वर कार्ड सेव्हर (थोडं लवचिक प्लास्टिकचं पाकीट). टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं पाकीट) नको, त्यातून काढताना कोपरा दबतो. हंगाम ऐन भरात असेल तर ग्रेडिंगसाठी थांबू नका, तसंच विका: कार्ड परत येईपर्यंत खेळाडूचा भाव उतरलेला असू शकतो.