‘मिसफॉर्च्युन’ आणि ‘ॲडव्हर्सिटी’
मराठीत दोन्हींना सरसकट ‘संकट’ म्हटले जाते. इंग्रजीत मात्र ‘मिसफॉर्च्युन’मध्ये दैवाचा हात गृहीत असतो, कारण त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘फोर्तुना’चा अर्थच नशीब असा आहे. म्हणून वीज पडून घर जळणे हे ‘मिसफॉर्च्युन’ ठरते. ‘ॲडव्हर्सिटी’ ही बहुधा एखादी घटना नसून दीर्घकाळ टिकणारी स्थिती असते. ‘विरुद्ध वळलेला’ या अर्थाच्या लॅटिन ‘अद्वेर्सुस’पासून हा शब्द आल्यामुळे समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजण्याची छटा त्यात आहे, आणि धैर्याविषयी लिहिताना तोच अधिक शोभतो. माझ्या मते त्यासाठी ‘प्रतिकूलता’ चपखल आहे (तिच्यातही ‘प्रति’ म्हणजे विरुद्धच), तर पहिल्यासाठी ‘दुर्दैव’ पुरेसे आहे. बस चुकण्यासारख्या किरकोळ प्रसंगाला दोन्ही शब्द जडच.